कागदावर १,८००, पोटात ८२५: तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णाचं एक पोषण-प्रकरण

नाकातल्या नळीतून दिवसाला १,८०० किलोकॅलरी जातायत असं केसपेपर सांगत होता. दहा दिवसांनी काट्यावर ९०० ग्रॅम कमी भरले. उलटी नव्हती, नवा संसर्ग नव्हता, थायरॉइड आणि साखर ठीक होती. विभागातला पहिला अंदाज नेहमीचाच होता: आजारच खातोय शरीराला. तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे कळायला एक तपासणी पुरली. ती प्रयोगशाळेत झाली नाही. चहाची गाळणी, एक मलमलचं फडकं आणि मोजपात्र एवढ्यावर झाली.

इथला रुग्ण प्रातिनिधिक आहे. ही कुणा एकाची कागदपत्रं नाहीत. किरणोपचार विभागांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका माणसाच्या आकड्यांत बसवल्या आहेत. संशोधनाचे दाखले मात्र जसेच्या तसे आहेत.

सुरुवातीची स्थिती

वय ५२, लातूर जिल्ह्यातला रिक्षाचालक, वीस वर्षं तंबाखू-चुना. डाव्या गालाच्या आत कॅन्सर. शस्त्रक्रियेत गाल, खालच्या जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीवरची कातडी-स्नायू वळवून गाल भरला. गाठीच्या आवरणाबाहेर आजार आल्याचं अहवालात होतं, त्यामुळे शेक (किरणोपचार) आणि त्याबरोबर किमो असं ठरलं: ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), ३० बैठका, आठवड्याला पाच, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध. मुक्काम मुंबईतल्या एका धर्मशाळेत, बरोबर बायको आणि थोरला मुलगा. सहा कुटुंबांत एक शेगडी. फ्रिज नाही.

उंची १६६ सेंमी. सहा महिन्यांपूर्वीचं वजन ६१ किलो, शेकाच्या पहिल्या दिवशी ५२. म्हणजे १४.८ टक्के घट. बीएमआय १८.९. इथे बहुतेक ठिकाणी होणारी चूक अशी की बीएमआय १८.५च्या वर आहे म्हणून ‘पोषण: ठीक’ असा शिक्का बसतो. ‘ग्लिम’ या जागतिक निकषसंचात सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट ही एकटीच तीव्र कुपोषणाच्या वर्गात नेते, अट एवढीच की खाणं कमी झालेलं असावं किंवा शरीरात आजाराचा दाह असावा. इथे दोन्ही होतं. हाताच्या पकडीची ताकद २१ किलो भरली. आशियाई निकषांत पुरुषांसाठी २८च्या खाली म्हणजे कमकुवत. पकडमापक हे स्वस्त यंत्र आहे, दोन मिनिटांचं काम आहे, तरी ते बहुतेक ओपीडींत नसतं.

स्नायूंचा अंदाज घ्यायला आणखी एक वाट होती, आणि ती फुकट होती. पूर्वी पोटाच्या सीटीमधल्या तिसऱ्या कंबरमणक्याच्या पातळीवर स्नायूंचं क्षेत्रफळ मोजायचे. डोक्या-मानेच्या रुग्णांचा पोटाचा सीटी सहसा होतच नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टच्या गटाने २०१६मध्ये दाखवलं की मानेच्या तिसऱ्या मणक्यापाशी मोजलेलं क्षेत्रफळ वापरूनही चांगला अंदाज येतो. शेकाची आखणी करायला मानेचा सीटी काढावाच लागतो. तो संगणकात पडून असतो, त्यावर फक्त एक रेघ फिरवायची असते. पुढे त्याच गटाने असंही मांडलं की ज्यांचे स्नायू कमी, त्यांना सिस्प्लॅटिनचा डोस थांबवावा लागेल असे दुष्परिणाम जास्त होतात. कारण समजण्यासारखं आहे: डोस ठरतो शरीराच्या पृष्ठभागावरून, आणि पृष्ठभाग उंची-वजनावरून. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्या सूत्राला दिसत नाही.

गरज काढली ती अशी. युरोपीय पोषणसंस्था एस्पेनच्या मार्गदर्शनात कॅन्सर-रुग्णाला किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी, प्रथिनं १ ग्रॅमच्या वर आणि जमल्यास १.५ ग्रॅम. ५२ किलोला ३०ने गुणलं की १,५६०, प्रथिनं ७८ ग्रॅम. घसरलेलं वजन भरायचं होतं म्हणून उद्दिष्ट १,८००.

पहिले साडेतीन आठवडे: कुठे हुकलं

पहिल्या आठवड्याअखेर वजन ५१.३. दुसऱ्याच्या अखेरीस ४९.८. तिसऱ्याच्या अखेरीस ४८.२. नळी घातली त्या दिवशी, सतराव्या बैठकीनंतर, ४७.३.

नळी घालायचा दिवस दुसऱ्या आठवड्याअखेरच येऊन गेला होता. २४ तासांत काय खाल्लं हे विचारल्यावर निघालं सुमारे ९०० किलोकॅलरी, म्हणजे १,५६०च्या ५८ टक्के. गरजेच्या ६० टक्क्यांहून कमी खाणं एक-दोन आठवडे चाललं, तर नळीचा विचार करावा असा एस्पेनचा उंबरठा आहे. केसपेपरवर मात्र ‘सॉफ्ट डाएट, भरपूर प्या’ एवढंच होतं. त्या वेळी तोंड नुकतं यायला लागलं होतं, आणि शेकाचं तोंड पुढच्या आठवड्यांत वाढतच जातं. आज ९०० खाणारा पुढच्या सोमवारी १,२०० खाणार नाही.

९०० तरी का? तोंड आलं हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं घरचं होतं. मुलाच्या मोबाईलवर आलेल्या चित्रफितीत साखर कॅन्सरला खायला घालते असं होतं. दुसऱ्या आठवड्यात साखर, गूळ, दूध आणि भात बंद झाले, गव्हांकुराचा रस सुरू झाला. एका फुलपात्राच्या रसाने पोट भरल्यासारखं वाटायचं आणि त्यात कॅलरी नावालाच.

या समजामागे खरी गोष्ट आहे, आणि ती नाकारून उपयोग होत नाही. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भरभर वापरतात हे १९२०च्या दशकात ओटो वॉरबुर्ग यांनी दाखवलं. पेट स्कॅन चालतो तो याच गुणधर्मावर. पुढची उडी मात्र चुकते. माणसाने साखर खाणं सोडलं म्हणून रक्तातली साखर शून्य होत नाही. यकृत ती बनवतं, आणि कच्चा माल म्हणून स्नायूतली प्रथिनं वापरतं. गाठीची साखर तुटत नाही, दंड मात्र उतरतो. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “मग परदेशात उपाशी ठेवून किमो देतात ते?” प्रश्न रास्त होता. नेदरलँड्समधल्या अशा एका चाचणीत, तिचे निष्कर्ष २०२०मध्ये आले, सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रिया होत्या, किमोभोवतीचे मोजके दिवस अल्पाहार होता, आणि तोही पुष्कळ जणींना पुढे पाळता आला नाही. त्यातला एकही धागा सहा महिन्यांत १५ टक्के वजन गमावलेल्या, गाल शिवलेल्या माणसाला जोडता येत नाही.

गोळ्यांच्या डबीत ई जीवनसत्त्व आणि बीटाकॅरोटीनच्या कॅप्सूलही सापडल्या. त्या त्याच दिवशी बंद केल्या. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ५४० डोक्या-मानेच्या रुग्णांवर याच दोन गोष्टींची चाचणी झाली होती, २००५मध्ये छापली गेली. शेकाचे त्रास थोडे कमी झाले, पण पूरक घेण्याच्या काळात दुसरा नवा कॅन्सर होण्याचं प्रमाण वाढलं. ताकदीची गोळी म्हणून दुकानातून आणलेल्या वस्तूबद्दल इतका थेट पुरावा क्वचित मिळतो, आणि तो रुग्णापर्यंत क्वचितच पोचतो.

तिसऱ्या आठवड्यात दोनदा बाहेरच्या दवाखान्यात सलाईन लावलं गेलं. ‘दोन बाटल्या चढवल्या, आता ताकद येईल.’ अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आत किलोकॅलरी. पेलाभर दुधात याहून जास्त आणि वर प्रथिनंही. पाणी कमी पडलं असेल तर सलाईन उपयोगी आहे, अन्न म्हणून नाही. शिवाय थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) न देता उपाशी माणसाला नुसती साखर चढवणं धोक्याचं, ते पुढे येतंच.

वजन उतरल्याचा फटका फक्त अशक्तपणाचा नव्हता. शेक देताना डोकं-मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीदार प्लास्टिकचा साचा बसवतात. गाल आणि मान बारीक झाली, साचा सैल झाला, आखणी पुन्हा करावी लागली. त्यात आणि प्रकृतीत मिळून चार बैठका पुढे गेल्या. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये शेक जितका लांबतो तितकं गाठीवरचं नियंत्रण कमी होतं. जुन्या अभ्यासांचा अंदाज दिवसाला सुमारे १ ते १.४ टक्के असा आहे. पोषणाचा मुद्दा ‘उपचार झाल्यावर बघू’ या रकान्यात टाकू नये, ते या हिशेबामुळे.

नळी, आणि पहिले नऊ दिवस

पोटातून थेट जाणारी पेग नळी की नाकातली? साधारण चार आठवड्यांहून जास्त लागणार असेल तर पेगकडे कल असतो. इथे तेरा बैठका उरल्या होत्या आणि मुदत काठावरची होती. नाकातली १४ क्रमांकाची नळी निवडली, एक्स-रेवर टोक पोटात असल्याची खात्री केली, नाकपुडीपाशी पक्क्या शाईची खूण केली. ती खूण पुढे रोजची तपासणी ठरते: खूण बाहेर सरकली तर फीड द्यायचं नाही.

त्या आधीचे आठ दिवस खाणं ४०० किलोकॅलरीच्या आसपास आलं होतं, आणि मूळ वजनाच्या २२ टक्के गेलं होतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या निकषांत तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक घट हीच एकटी रिफीडिंगच्या मोठ्या जोखमीत टाकते. भुकेल्या शरीरात अचानक अन्न आलं की इन्शुलिन वाढतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतात, थायमिन संपतं. हृदयाची लय बिघडते, श्वास अडतो. सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडातून मॅग्नेशियम आधीच वाहून नेलेलं असतं, त्यामुळे या रुग्णांना धोका दोन्ही बाजूंनी येतो.

म्हणून आधी थायमिन १०० मिलीग्रॅम, मग फीड. पहिल्या दिवशी ६०० किलोकॅलरी, म्हणजे किलोमागे १२-१३. दुसऱ्या दिवशी ८००. तिसऱ्या दिवशी फॉस्फेट २.६वरून १.९वर आलं, २७ टक्के घसरण. अमेरिकी पोषणसंस्थेच्या २०२०च्या वर्गवारीत ही मध्यम दर्जाची. फीड बंद केलं नाही, वाढवणं थांबवलं. दोन दिवस ८००वरच ठेवून शिरेतून फॉस्फेट आणि मॅग्नेशियम दिलं. पाचव्या दिवशी १,०५०, सहाव्या दिवशी १,३००, आठव्या दिवशी १,६००, नवव्या दिवशी १,८००. नातेवाइकांना पहिले तीन दिवस ही कंजुषी वाटते. त्यांना आधीच सांगून ठेवलं नाही तर रात्री कुणीतरी चोरून दोन सिरिंज जास्त ढकलतं. हा संपूर्ण टप्पा रोजच्या रक्ततपासणीसह रुग्णालयातच करायचा. घरी प्रयोग करायचा नाही.

रुग्णालयातून घरी सोडलं त्या दिवशी वजन ४७.५. २१ बैठका झालेल्या. हातात छापील कागद: दूध-नाचणीचं फीड, २५० मिली, दिवसातून सात वेळा.

दहा दिवसांनी ४६.६

बायकोला सांगितलं, उद्या सकाळचं फीड नेहमीसारखं करा आणि भांडं, चमचा, गाळायचं फडकं, उरलेला चोथा, सगळं तसंच घेऊन या. जाब विचारायचा सूर ठेवला असता तर भांडं घासून आलं असतं.

कागदावरच्या एका लिटरमध्ये साधारण १,०३० किलोकॅलरी होत्या. त्यातल्या कुठे गेल्या?

साखर ४० ग्रॅम: घातलीच नव्हती. मुलगा पटला होता, पण अर्धाच. गेल्या १६०.

तेल २५ मिली: कागदावर ‘पाच चमचे’ होतं. धर्मशाळेतला चमचा दोन मिलीचा निघाला. त्यात तेलाने खोकला वाढतो ही धास्ती, म्हणून चमचाही काठोकाठ नाही. नळीतून गेलेलं तेल घशाला लागतच नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. गेल्या सव्वाशेच्या आसपास.

गाळणं: सिरिंज अडू नये म्हणून मलमलच्या फडक्यातून पिळून. फडक्यात नाचणीचा चोथा राहायचा. गेल्या ७५.

पाणी: हेही महागात पडलं. नाचणीची खीर गरम असताना वाहती असते आणि निवली की पिठल्यासारखी घट्ट होते. नळीतून जाईना, म्हणून लिटरचं बाराशे मिली केलं जायचं. कागदावर मोज मिलीलिटरची होती, त्यामुळे २५० मिली ‘पूर्ण’ भरायचे आणि त्यात पाणीच जास्त असायचं. मिलीलिटरमागे एकऐवजी ०.५५ किलोकॅलरी उरली.

शिवाय शेकाच्या दिवशी रांगेत दुपारचं एक फीड हुकायचं. सरासरी सहा फीड, दीड लिटर. दीड हजार गुणिले ०.५५: ८२५ किलोकॅलरी. प्रथिनं ४४ ग्रॅम, आताच्या वजनाला हवी होती ७०. वजन टिकवायलाच लागणाऱ्या दीड हजारांच्या मानाने रोज सुमारे ७०० किलोकॅलरींची तूट, दहा दिवसांत ७,०००. किलोभर चरबीमागे ७,७०० धरले तर ९०० ग्रॅम. काट्याशी हिशेब जुळला. कॅन्सर काही वेगळं खात नव्हता.

सगळीच फीड दुधाची असल्यानं आणखी एक गोष्ट झाली होती. दिवसभरात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरंच जात होतं, आणि जुलाब चार-पाच. जुलाब थांबावेत म्हणून बायको आणखी पातळ करायची. तिच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक पाऊल शहाणपणाचं होतं.

दुरुस्ती: घट्ट खीर पातळ करायची, पण पाण्याने नाही

यावरचा उपाय नवा नाही आणि परदेशातलाही नाही. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या वरच्या आहारावर काम करताना मोडाच्या पिठाचा वापर मांडला. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं. ते पिष्टाच्या (स्टार्चच्या) लांब साखळ्या तोडतं. घट्ट लापशीत असं थोडंसं पीठ ढवळलं की काही मिनिटांत ती ताकासारखी वाहू लागते, कॅलरी तितक्याच राहतात. बाळाच्या छोट्या पोटासाठी शोधलेली गोष्ट नळीला तंतोतंत लागू पडते.

मोडाचं पीठ: नाचणी बारा तास भिजवून, ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस मोड आणून, सावलीत मग उन्हात खडखडीत वाळवून, हाताने चोळून मोड काढून दळायची. भाजायची नाही. भाजली की विकर मरतं आणि मग ते नुसतं नाचणीचं पीठ.

फीड ‘अ’, एक लिटर, चार वेळांसाठी: नाचणीचं पीठ ५० ग्रॅम, मोडाचं पीठ ५ ग्रॅम, टोन्ड दूध ६०० मिली, बिनसाईची दूधपावडर ४० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, तेल २५ मिली. नाचणी आधी पाण्यात शिजवून घ्यायची. गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबायचं. उकळत्यात मोडाचं पीठ टाकलं तर काही होत नाही, आणि ही चूक हमखास होते. पीठ टाकून दहा मिनिटं ढवळत राहायचं. पातळ झालं की पुन्हा दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायचं, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असतात आणि या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी किमोने खाली असतात. मग दूध, पावडर, साखर, तेल, मिक्सर. साधारण १,०३० किलोकॅलरी, ३७ ग्रॅम प्रथिनं. लॅक्टोज एकूण ४९ ग्रॅम, एका वेळेला बारा. एवढं बहुतेकांना सोसतं.

फीड ‘ब’, ७५० मिली, तीन वेळांसाठी: मूगडाळ ६० ग्रॅम, तांदूळ ४० ग्रॅम, भोपळा किंवा गाजर ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, मऊ शिजवून, मोडाच्या पिठाने त्याच पद्धतीने पातळ करून, उकळून, मग उकडलेल्या चार अंड्यांचं पांढरं, दही १५० ग्रॅम, तेल ३० मिली. साधारण ७६० किलोकॅलरी, ३६ ग्रॅम प्रथिनं.

दोन्ही मिळून १,७५० मिली, १,७९० किलोकॅलरी, ७३ ग्रॅम.

फडकं गेलं, स्टीलची चहाची गाळणी आली. मिक्सर नीट फिरला तर तीत चमचाभरही उरत नाही. त्याहून जास्त उरलं तर फेकायचं नाही, पुन्हा फिरवायचं. चमच्यांऐवजी औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण दिलं. आणि सगळ्यांत उपयोगी ठरली ती भांड्यावरची रेघ: तयार फीड या रेघेवर गेलं की पाणी जास्त झालं.

फ्रिज नसल्यामुळे एका वेळी दोनच फीडपुरतं करायचं, दोन तासांत संपवायचं. मुलाने उत्साहाने थर्मास आणला होता. कोमट दुधाचं फीड थर्मासमध्ये चार तास ठेवणं म्हणजे दह्याला विरजण लावून ऊब देण्यासारखंच आहे, फक्त जंतू आपल्या पसंतीचे नसतात. रांगेतल्या दुपारच्या फीडसाठी तयार पावडर कोरडीच बाटलीत आणि उकळून गार केलेलं पाणी वेगळं. महाग पडते, पण दिवसाला एकच वेळ, तीही शेक संपेपर्यंत.

देण्याची रीत थोडक्यात: पाठ ३० ते ४५ अंश टेकवून, ६० मिलीची सिरिंज दट्ट्याशिवाय उंच धरून, २५० मिलीला पंधरा-वीस मिनिटं, आधी आणि नंतर ३० मिली पाणी, नंतर पाऊण तास आडवं व्हायचं नाही. दट्ट्याने ढकललं की पोट फुगतं आणि खोकला येतो, आणि खापर तेलावर फुटतं. फीडमधलं आणि धुण्याचं पाणी मिळून दिवसाला १,८०० मिलीच्या आसपास जातं. सिस्प्लॅटिनवर मूत्रपिंडं असताना याखाली जाऊ देणं बरं नाही.

नळी एकदा बंद पडलीच. अ‍ॅसिडिटीवरच्या कॅप्सूलमधले दाणे कुटून टाकले होते. ते दाणे विरघळत नाहीत, नळीत साचतात. कोमट पाण्याने हलके ढकल-ओढ करून वीस मिनिटांत सुटली. औषध विरघळणाऱ्या स्वरूपात बदलून घेतलं.

तोंड वापरात ठेवणं

नळी आली की गिळणं सोडून द्यायचं, ही पुढची खोड. गिळण्याचे स्नायू काही आठवडे रिकामे राहिले तर शेकानंतर ते आखडतात, आणि मग नळी निघतच नाही. दिवसातून पाच-सहा वेळा दोन-दोन घोट पाणी, ताक, जमेल तेव्हा पातळ नाचणी. घोटाआधी पंधरा-वीस मिनिटं वेदनाशामक, गरजेला मॉर्फीन. मीठ-खाण्याच्या सोड्याच्या गुळण्या, बेन्झिडामीनच्या गुळण्या. तोंड येण्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बेन्झिडामीनला आणि कमी शक्तीच्या लेसरला जागा आहे. जबड्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी दातांमध्ये सरकवायची, दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. सुरुवातीला आठ काड्या गेल्या.

मग नवी औषधं कुठे बसतात?

मुलाने आणखी एक बातमी आणली होती: वजन वाढवणारं इंजेक्शन. बातमी खरी होती. पॉन्सेग्रोमॅब हे प्रतिपिंड जीडीएफ-१५ या, भूक मारणाऱ्या प्रथिनाला बांधून ठेवतं. २०२४मधल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत १८७ रुग्ण होते, आणि सर्वांत मोठ्या डोसच्या गटाचं वजन बारा आठवड्यांनी औषधाविनाच्या गटापेक्षा २.८ किलोने जास्त होतं. आपल्याकडची बातमी त्याहून जवळची: पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १२४ रुग्णांना रोज अडीच मिलीग्रॅम ओलान्झापिन किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन पाहिली. किमोबरोबर बारा आठवडे. पाच टक्क्यांहून अधिक वजन वाढलेले औषधाच्या गटात ६० टक्के, दुसऱ्यात ९. निष्कर्ष २०२३मध्ये आले, त्याच वर्षी अमेरिकी कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने मार्गदर्शन बदललं. मनोविकाराच्या जुन्या, स्वस्त गोळीने हे करावं, ही अलीकडच्या संशोधनातली खरोखर मोठी गोष्ट आहे.

या रुग्णाला यातलं काहीच दिलं नाही. त्या चाचण्यांतले रुग्ण जठर, यकृत-स्वादुपिंड, फुप्फुस, आतडं अशा कॅन्सरचे होते. त्यांची भूकच मेलेली होती. याला भूक होती. तोंडातून जात नव्हतं, आणि नळीतून जे जात होतं त्यात अन्न कमी होतं. भूक नसणं आणि भूक असून खाता न येणं हे दोन वेगळे आजार आहेत, उपचारही वेगळे, आणि ओपीडीत दोन्हींपुढे ‘जेवण कमी’ हेच दोन शब्द लिहिले जातात.

एकाच औषधावर भिस्त ठेवणाऱ्यांनी मेनॅक ही चाचणीही पाहावी. फुप्फुस आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांना आहारसल्ला, ओमेगा-३युक्त पेय, व्यायाम आणि आयबुप्रोफेन असं एकत्र दिलं. वजन टिकलं, पण रोजचं चालणं-फिरणं वाढलं नाही. उलट डोक्या-मानेच्या रुग्णांबाबत ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीने फक्त आहारतज्ज्ञांना बोलण्याची पद्धत शिकवली: आदेश न देता रुग्णाला काय अडतंय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. ३०७ रुग्ण होते. शेक संपतानाची पोषणस्थिती त्या गटात चांगली राहिली. फडकं आणि चोथा बघायला मागणं त्याच जातीचं आहे.

पुढे

नवं फीड सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी जुलाब थांबले. शेक संपला तेव्हा वजन ४६.५. तोंडाचा त्रास शेकानंतरचे दोन आठवडे चढाच असतो, म्हणून सुट्टी झाली तरी दर आठवड्याला फोनवर चार आकडे मागितले: वजन, किती फीड झाली, प्रत्येकी किती मिली, तोंडातून काय गेलं. दुसऱ्या आठवड्यात ४६.९. चौथ्यात ४७.८. गावी गेल्यावर मोडाची नाचणी शेजारच्या गिरणीत दळून मिळू लागली. गिरणीवाला आधी गहू दळायचा आणि पिठात पीठ मिसळायचं, ते एकदा लक्षात आणून द्यावं लागलं.

नळी काढायची अट ठरलेली होती: गरजेच्या तीन चतुर्थांश तोंडातून, तेही सलग दोन आठवडे, वजन न उतरता. ती आठव्या आठवड्यात पूर्ण झाली. वजन ४९.१, पकड २४ किलो, जबडा उघडतो चौदा काड्या. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, मिक्सरमधून न काढता, तासभर लावून खातो. लाळ नसल्यानं भाकरीचा पापुद्रा अजून टाळ्याला चिकटतो, त्यासाठी आमटीवर चमचाभर तेल जास्त.